निवळशंख पाणी

पांगरखेडच्या तळ्याचं पाणी चार वर्षांपासून निवळशंख होतं, आणि नेमकं त्यामुळेच त्याला कोणी तोंड लावत नव्हतं.

त्याआधी ते चारचौघांसारखं तळं होतं. हिरवट, गढूळ, म्हशींनी ढवळलेलं, कडेला बेशरमाची झुडपं आणि मधोमध शिंगाड्याचे वेल. मग एका भादव्यात सगळे मासे उपडे पडले. महिन्याभरात पाण्यातली हिरवळही गेली, आणि पाणी असं स्वच्छ झालं की पाळीवर उभं राहिलं तर पुरुषभर खोल तळ दिसावा. बुडालेलं पळसाचं खोड, फुटका रांजण, बैलगाडीच्या चाकाची धाव. गावात म्हणायचे, ते पाणी नाही, त्यात बुडून मेलेल्या जमनीचा डोळा आहे. मिटतच नाही.

इंदूबाईच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, त्या तळ्याला लागून होता. दुसऱ्या बाया लांबून फेरा घेऊन वावरात जायच्या. इंदूबाईला तळ्याच्या काठानंच जावं लागायचं. ती मान उजवीकडे वळवून, कपाशीकडे बघत चालायची.

दोन हजार चारच्या डिसेंबरात, कापसाची वेचणी अर्ध्यावर आलेली असताना, दारव्ह्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या पद्मजा मॅडम गावात आल्या. त्यांना एका लहान तळ्याचा वर्षभर अभ्यास करायचा होता. पाणी कसं आहे, त्यात काय जगतं, काय जगत नाही. दर महिन्याला यायचं, बाटल्या भरून न्यायच्या. सोबतीला तळ्याची माहिती असलेलं कोणीतरी हवं होतं.

"मॅडम, त्या तळ्यावर तुमच्यासंग कोणी येनार नाई," सरपंच रामराव म्हणाले.

तेव्हा इंदूबाईचा नवरा घनश्याम पुढे झाला. "माह्यी घरवाली येईल. आमचं वावरच हाये तिथं."

घरी आल्यावर त्यानं हलक्या आवाजात सांगितलं, "पाह्यत राह्य, ते बाई पान्यातून काय काढून राह्यली ते. मले सांगजो."

इंदूबाईनं नुसती मान हलवली. कशासाठी पाळत ठेवायची ते तिला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. चार वर्षांत त्याबद्दल दोघांत एक शब्द झाला नव्हता.

पहिल्या दिवशी मॅडमनी पिशवीतून ताटलीएवढी एक तबकडी काढली. तिचे दोन भाग काळे, दोन पांढरे, मध्ये दोरी ओवलेली. "ही मी पाण्यात सोडते, इंदूबाई. तुम्ही पाहत राहा. दिसेनाशी झाली की सांगा. जितक्या खोलावर दिसेनाशी होते, तितकं पाणी स्वच्छ."

तबकडी खाली गेली. आणखी खाली गेली. दोरी सैल पडली, तरी ती दिसतच होती. तळाच्या गाळावर बसून वर बघत होती.

"कमाल आहे," मॅडम म्हणाल्या. "जिल्ह्यात असं पाणी मी कुठंच पाहिलं नाही."

इंदूबाईनं चार वर्षांत पहिल्यांदा त्या पाण्यात सरळ नजर लावली होती. तबकडीच्या पलीकडे, शिंगाड्याच्या मेलेल्या मुळांत काहीतरी चमकलं. एकदा, मग दोनदा, मग ओळीनं पाच-सहा ठिकाणी, जसे तांड्यावरच्या बायांच्या फेटियावर, म्हणजे घागऱ्यावर, शिवलेले आरसे उन्हात चमकतात तसे. जमनीच्या फेटियाला असेच आरसे होते. ती काठावरून चालली की झाडाच्या सावलीत कवडसे नाचायचे.

इंदूबाई दोन पावलं मागे सरली आणि मटकन खाली बसली.

"काय झालं हो?"

"काई नाई. चक्कर आल्यासारखं झालं."

मॅडमनी तिला आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. पुन्हा बघायचा धीर इंदूबाईला झाला नाही.

दुसऱ्या खेपेला मॅडमनी रेशमी कापडाची जाळी पाण्यातून ओढली आणि तळाशी जमलेलं चमचाभर पाणी काचेच्या बशीत घेऊन इंदूबाईच्या हातात भिंग दिलं. बशीत पांढुरके जीव टुणटुण उड्या मारत होते. पिसवांसारखे, पण काचेचे. त्यांच्या पोटातली अंडीसुद्धा दिसत होती.

"या पाण्यातल्या पिसवा. इतक्या मोठ्या, इतक्या जास्त कुठं सापडत नाहीत. मासे यांना खाऊन टाकतात. इथं मासे नाहीत म्हणून या माजल्या. आणि या पाण्यातली हिरवळ खातात. म्हणून तुमचं पाणी असं निवळ झालंय."

इंदूबाईनं भिंग खाली ठेवलं. "म्हंजे, आंधी मासे मेले, अन् मंग पानी साफ झालं?"

"हो."

"कोनी करनी केली म्हनून नाई?"

मॅडम हसल्या नाहीत. "करणी कोणी केली म्हणतात?"

इंदूबाईनं पदर तोंडाशी धरला. मग थोडं थोडं करून, पाण्याकडे पाठ फिरवून तिनं जमनीचं सांगितलं. जेवढं सगळं गाव सांगायचं, तेवढंच.

जमनी बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. नवऱ्यानं टाकलेली, लेकरूबाळ नाही. तळ्याच्या पाळीवर झोपडी घालून राहायची. शिंगाडे लावायची, लहानशा जाळ्यानं मासे धरायची. सकाळी काठावर बसून ज्वारीच्या लाह्या पाण्यात टाकायची आणि जिभेनं टक-टक आवाज करायची, की मासे गोळा व्हायचे. गावातली पोरं ते बघायला जायची. मासे मेले त्या दिवशी दोन म्हशीही तळ्यावरून येऊन तडफडून मेल्या. गाव पारावर जमलं. कोणी म्हणालं, तिनं पाण्यावर काही मंतरून टाकलं. मग तिची झोपडी मोडली, तिला हाकललं. तिसऱ्या दिवशी तिचा एक जोडा काठावर सापडला. ती तळ्यातच गेली असं सगळे धरून चालले. प्रेत वर आलं नाही. त्यानंतर पाणी निवळत गेलं.

"फुलचंदनं एकडाव मासोईचं बीज सोडलं होतं. थेही मेलं. तवापासून कोनी नाद करत नाई," इंदूबाई म्हणाली.

जे तिनं सांगितलं नाही, ते असं होतं.

त्या वर्षी कपाशीवर बोंडअळी अशी पडली होती की बारा-बारा फवारण्या झाल्या, तरी बोंड फोडलं की आत अळी. मासे मेले त्याच्या आदल्या दिवशी घनश्यामनं उरलेली दवाई आणि तीन पंप इंदूबाईकडे दिले. म्हणाला, धुऊन टाक. विहिरीवर धुतले तर विहीर नासेल, म्हणून ती तळ्यावर गेली. धुण्याच्या दगडावर बसून तिनं पंप विसळले, अर्धा डबा दवाई पाण्यात ओतली, डबे बुडवून खळबळून घेतले. पाण्यावर दुधासारखा पांढरा ढग पसरला. वासानं तिचं डोकं धरलं. सकाळी मासे वर.

आणि पारावर, सगळ्या गावासमोर रामरावांनी तिला विचारलं होतं, "इंदूबाई, तुहं वावर तिथं हाये. जमनीले तू पान्यात काही टाकतानी पाह्यलं काय?"

घनश्याम समोर उभा होता. जमनी खाली बसली होती, गुडघ्यांभोवती हात बांधून. ती इंदूबाईकडेच बघत होती. दोघी एकमेकींच्या जिवाभावाच्या होत्या. इंदूबाईनं ताक न्यावं, जमनीनं ओंजळभर शिंगाडे द्यावे, अशी सहा वर्षं गेली होती.

"हो," इंदूबाई म्हणाली होती. "काहीतरी टाकत होती."

खोटं नव्हतं ते. लाह्याच टाकत होती ती. रोजच टाकायची.

फाल्गुन गेला, चैत्र गेला. मॅडम दर महिन्याला यायच्या. इंदूबाई दोरी धरायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची. एका बाटलीत मॅडम दोन औषधांचे थेंब टाकायच्या आणि पाण्यात तपकिरी साका धरायचा. "हा प्राणवायू आहे बरं. पाणी मेलेलं नाही." इंदूबाईला ते ऐकून बरं वाटायचं नाही. मेलेलं नाही म्हणजे आत काहीतरी श्वास घेतं आहे, असंच तिला वाटायचं.

वैशाखात पाणी कमी झालं. धुण्याचा दगड अर्धा उघडा पडला. भर दुपारी, मॅडम पाळीवर वहीत लिहीत बसलेल्या असताना, इंदूबाईला मागून स्पष्ट टक-टक ऐकू आली. जिभेची. तिनं वळून पाहिलं नाही. पण पाण्यावर, जिथं एकही मासा नव्हता तिथं, काठाजवळ लहान लहान वर्तुळं उठली, जणू कोणी मूठभर लाह्या टाकल्या.

"मॅडम, तुमी आयकलं काय?"

"काय?"

"काई नाई."

त्या दिवसापासून घरातही तिला ते ऐकू यायला लागलं. चुलीवर लाकूड तडकलं की, मांजरानं दूध चाटलं की. ताटावर बसली की ती अर्ध्यावरच उठायची. घनश्यामनं विचारलं, "काहून अशी करून राह्यली?" ती म्हणाली, "तळ्यावर नोको पाठवू मले." तो म्हणाला, "मंग त्या बाईवर ध्यान कोन ठेवन?"

पाऊस पडायच्या आधी मॅडमनी गाळ घेतला. पाइपाचा एक तुकडा चिखलात रोवायचा, वरून तोंड दाबायचं आणि उपसायचा. आत काळ्या गाळाची कांडी यायची. चार ठिकाणचा गाळ घेतला. पाळीपाशी, शिंगाड्यांच्या जागी, ओढ्याच्या तोंडाशी. चौथं ठिकाण मॅडमनी बोटानं दाखवलं. "त्या दगडापाशी."

"तिथं कायले? तिथं तं आंधी नुसतं धुनं धुवत."

"म्हणूनच."

इंदूबाईनं स्वतःच्या हातानं तो पाइप रोवला. गाळ वर आला तेव्हा तिला त्या दिवशीच्या दवाईचा वास आला. खरंच आला की मनात आला, तिला कळलं नाही. मॅडमनी बरणीवर लिहिलं: दगड.

नागपूरच्या प्रयोगशाळेतून निकाल यायला साडेतीन महिने लागले. तोवर पुन्हा फवारण्या सुरू झाल्या. तळ्याला भ्यायचे ते पाणी प्यायला, गुरं धुवायला. पंप विसळायला मात्र माणसं दिवसाढवळ्या येत, झटपट विसळून निघून जात. जमनीचं पाणी, त्याचं काय बिघडणार, असं म्हणत.

आश्विनात मॅडमनी ग्रामपंचायतीत लोकांना बोलावलं. घनश्याम भिंतीला टेकून उभा. बाया दाराशी. तांड्यावरून जमनीचा भाऊ डोंगरसिंग आला होता. तो कधी गावात येत नसे. त्या दिवशी का आला कोण जाणे.

मॅडमनी साध्या भाषेत सांगितलं. तळ्याच्या गाळात एंडोसल्फान आहे, फवारणीची दवाई. माशांना ती थेंबानं मारते. पिसवांना तेवढ्यानं काही होत नाही. म्हणून मासे गेले, पिसवा राहिल्या, पाणी निवळलं. दवाई ताजी ओतलेली असताना काठाशी पाणी प्यालेलं जनावरही मरू शकतं. "चारही जागी दवाई सापडली. पण दगडापाशी सगळ्यात जास्त. इतर जागांच्या नऊपट. पंप धुणं थांबलं, तर तळं पुन्हा उभं राहील."

मग रामराव म्हणाले, "पंप तर सगळेच धुतात, मॅडम. बंद करू. गावाच्या भल्याचं सांगितलं तुमी."

"म्हंजे जमनीनं काई केलं नव्हतं," फुलचंद म्हणाला.

"थे येगळं, हे येगळं," रामराव म्हणाले. "तवाचे मासे तिनंच मारले. इंदूबाईनं पाह्यलं होतं आपल्या डोयानं."

पुष्कळ माना हलल्या. गाळातून दवाई निघाली होती. पाच वर्षांपूर्वीचा एक शब्द गाळातून निघत नव्हता.

इंदूबाईनं आधी घनश्यामकडे पाहिलं. तो डोळ्यांनी नको म्हणत होता. तिच्या कानात टक-टक चालली होती, इतकी जोरात की आपला आवाज लोकांना ऐकू जाईल की नाही हेही तिला समजत नव्हतं. म्हणून ती ओरडूनच बोलली.

"लाह्या टाकत होती ते! ज्वारीच्या लाह्या! रोज टाके. दवाई म्या टाकली. तीन पंप धुतले अन् अर्धा डबा ओतला म्या, त्या दगडावर बसून. मले मालूम होतं. पारावर उभी होती तवाबी मालूम होतं."

कोणीतरी "अव बाई" म्हणालं. घनश्याम दारातल्या बायांना बाजूला सारत निघून गेला. रामराव टेबलावरचा कागद उलटा-सुलटा करत राहिले. कोणी तिला शिवी दिली नाही. शिव्या खाईन असं धरूनच ती आली होती, पण लोक आपापल्या पायांकडे बघत होते. झोपडी मोडायला सगळेच गेले होते.

बाहेर आल्यावर डोंगरसिंग तिची वाट पाहत उभा होता. "तांड्यावर चल," तो म्हणाला. "याडीले सांग, माह्या मायले."

मॅडम म्हणाल्या, "मी येते तुमच्यासोबत." इंदूबाईनं नको म्हटलं.

तांडा टेकाडापलीकडे. म्हातारी भुरीबाई, जमनीची आई, खाटेवर बसलेली. डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आलेला. पावलं ऐकून तिनं विचारलं, "कुण छ?"

"इंदूबाई हाये, याडी. गावातली," डोंगरसिंग म्हणाला.

म्हातारीनं खाटेची कड धरली. इंदूबाई जमिनीवर बसली आणि तिनं सगळं पुन्हा सांगितलं. पंप, डबा, लाह्या, पार. शेवटी म्हणाली, "तुह्या पोरीले म्या तळ्यात लोटलं, माय. रोज दिसते मले थे. पान्याच्या बुडाशी दिसते."

"तळ्यात?" भुरीबाई म्हणाली. "तळ्यात कायची दिसते?"

इंदूबाईला कळेना. तिनं डोंगरसिंगकडे पाहिलं.

"तळ्यात गेलीच नाई थे," तो म्हणाला. "पयतानी जोडा निसटला होता. म्या तिले रातोरात वणीले नेऊन सोडलं, आमच्या मावशीपाशी. कोयश्याच्या डेपोवर टोपले उचले. दोन वरसं होती तिथं. मंग खोकला लागला, अन् त्यातच गेली. दोन हजार दोनच्या दिवाईले."

"मंग गावात काहून नाई सांगितलं?"

"गावानं म्हटलं बुडाली. आमी म्हटलं, असू द्या. बुडालेल्या बाईले मारायले कोनी येत नाई."

दोन वर्षं. इंदूबाई तळ्याकडे पाठ करून चालत होती, तेव्हा जमनी जिवंत होती. एका शब्दानं परत आली असती, अशी जिवंत.

भुरीबाई पुढे वाकली. "तुले दगडावर पंप धुतानी तिनं पाह्यलं होतं. झोपडीतून. आमाले सांगितलं तिनं."

"पारावर काहून नाई बोलली?"

"म्या हेच इचारलं तिले. म्हने, म्या नाव घेतलं तर कोन मानन? अन् म्हने, इंदूच सांगन. आज नाई तं उद्या सांगन." म्हातारी थांबली. "हा तिचा भाऊ वणीले जाये, तवा थे दर टायमाले इचारे, इंदू काई बोलली काय."

इंदूबाईनं कपाळ जमिनीला टेकलं. तिला रडू येत नव्हतं.

भुरीबाई म्हणाली, "उठ. मले एकटीले सांगून काय होते? नायकापुढं सांग. तांड्यातल्या बाया जमू दे, त्याह्यच्यापुढं सांग. माह्या पोरीचं नाव जितल्या तोंडायनं घेतलं, तितल्या कानायत गेलं पायजे."

त्या संध्याकाळी तिनं तिसऱ्यांदा सांगितलं. तांड्याचा नायक, पंधरा-वीस बाया, अंगणभर माणसं. बोलणं संपल्यावर एका बाईनं तिच्यापुढं पाण्याचा गडवा ठेवला आणि लगेच आत निघून गेली. इंदूबाई पाणी प्याली. ती घरी आली तेव्हा घनश्याम भिंतीकडे तोंड करून निजला होता. त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं, ते पुढच्या पोळ्यापर्यंत.

पद्मजा मॅडमचं वर्ष संपलं. त्यांनी प्रबंधाची एक प्रत ग्रामपंचायतीला दिली, ती कपाटात पडली. पंप धुणं अर्धंमुर्धं थांबलं. काहींनी वावरातच खड्डे केले, काही अजूनही येत. फुलचंदनं पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बीज सोडलं, त्यातलं काही जगलं. रामरावांनी जमनीबद्दल कधी एक शब्द काढला नाही. पण गावात तिला कोणी चेटकीण म्हणत नव्हतं, एवढं खरं. काही बाया तर पुन्हा काठावरून जाऊ लागल्या.

इंदूबाईला तळ्यात त्यानंतर काही दिसलं नाही. आरसे नाहीत, वर्तुळं नाहीत. तिथं कोणी नव्हतंच कधी. ती आता खुशाल पाण्याकडे बघत वावरात जाते.

बोरी अरबच्या बाजाराला मात्र ती एकटी जात नाही. स्टँडवर वणीकडची गाडी लागली की तिचे पाय तिथंच थांबतात. बाया उतरतात, पिशव्या सावरतात, पदर झटकतात. इंदूबाई एकेकीचं तोंड बघते. सोबतची बाई म्हणते, "चाल व, काय पाह्यतं?" ती "आली, आली" म्हणते, आणि शेवटचा उतारू उतरून गाडी रिकामी होईपर्यंत तिथून हलत नाही.